महापालिका ते मंत्रालय: भ्रष्टाचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न, खास कोल्हापूरकरांसाठी

गेली काही वर्षं लोकांचे माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतोय. रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी कोणतरी थांबवून विचारतंच, आणि तेच तेच प्रश्न असतात. म्हणून एकदा सगळं इथं लिहून काढतोय.

लाच आणि ढपला, दोन्ही एकच ना?

नाही. लाच म्हणजे तुमचं काम अडवून तुमच्या खिशातनं घेतलेले पैसे. दाखला, नळकनेक्शन, बांधकाम परवाना, सातबाऱ्यावर नोंद, असल्या कामांत ती मागतात. ढपला म्हणजे सगळ्यांच्या पैशातनं पाडलेला तुकडा. रस्ता पातळ होतो, बिल पूर्ण निघतं आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. लाच घेणारा समोर बसलेला असतो, त्याचा राग येतो, पण ढपल्यात समोर कोणच नसतं, त्यामुळं राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की शहराचं खरं वाटोळं ढपल्यानं होतं. लाचेच्या बातम्या रोज छापून येतात, ढपला मात्र फाईलमधे झोपलेला असतो आणि ती फाईल कोणीतरी मागितल्याशिवाय उठत नाही.

टक्केवारी टक्केवारी म्हणतात ती नक्की चालते कशी?

एका रस्त्याचं उदाहरण घेऊ. आधी अंदाजपत्रक होतं, म्हणजे एस्टिमेट. ते सरकारी दरसूचीवर करतात, आणि पहिली जागा इथंच असते, खडी लांबून आणली दाखवायची, खोदाई जास्त दाखवायची, गरज नसलेली आयटम घालायची. मग टेंडर. १० लाखांच्या वर काम गेलं की ई-टेंडर लागतं, म्हणून १८ लाखांच्या रस्त्याचे ९-९ लाखांचे दोन तुकडे पाडतात, 'अमुक घर ते तमुक घर' आणि 'तमुक घर ते चौक'. रस्ता एकच, कामं दोन. टेंडर निघालंच तर रिंग होते, म्हणजे तीन जण भरतात पण कोण किती भरणार ते आधीच ठरलेलं, दोघं जादा दरानं भरून बाजूला होतात, आणि पुढच्या कामाला पाळी बदलते.

वर्क ऑर्डर, मग काम, मग मेजरमेंट बुक, त्याला सगळे एमबीच म्हणतात. ज्युनिअर इंजिनिअर जागेवर मापं घेऊन एमबीत लिहितो, वरचा अधिकारी तपासतो आणि त्याच्यावर बिल निघतं. सगळ्या साखळीत एमबी हा कागद सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यात लांबी, रुंदी, जाडी आकड्यात लिहिलेली असते आणि रस्ता तर जागेवर असतोच. कागद आणि रस्ता दोन्ही जुळवून बघता येतात. टक्के वाटले जातात ते कुठल्या कागदावर नसतात, पण ते टक्के शेवटी सिमेंटमधनंच काढावे लागतात ना, ठेकेदार काय घरचे घालणार नाही. म्हणून टक्केवारी शोधायला जाऊ नका, जाडी मोजा.

रस्ता सोडून महापालिकेत अजून कुठं कुठं पैसा मुरतो?

मी इथं कुठल्या एका महापालिकेबद्दल बोलत नाही, हे प्रकार राज्यभर सारखेच आहेत.

आपल्याकडं घरफाळा म्हणतात, पुण्यामुंबईकडं त्यालाच घरपट्टी. दुकान भाड्यानं दिलेलं असताना कागदावर मालक स्वतः वापरतो असं दाखवलं, किंवा तीन मजल्यांचे दोनच नोंदवले, की फाळा एकदम खाली येतो. नुकसान दरवर्षीचं असतं आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही, कारण इथं काही बांधलेलंच नसतं, नुसता पैसा आत आलेला नसतो.

दुसरी जागा आरक्षणाची. डेव्हलपमेंट प्लॅनमधे बाग, शाळा, मैदान म्हणून जागा राखलेली असते. नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. प्लॅन मंजूर होऊन १० वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप उठतं. मालकाचा हक्क म्हणून हे कलम बरोबरच आहे, कुणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवता येत नाही. पण आता विचार करा, मैदान घालवायला कुणाला सहीसुद्धा करावी लागत नाही, फाईल दोन वर्षं कपाटात राहिली की झालं. कुणी काही केलंच नाही, मग चौकशी कुणाची करणार? म्हणून तुमच्या भागातल्या आरक्षित जागांची यादी आणि त्यावर आलेल्या १२७ च्या नोटिसा, हे वर्षातनं एकदा मागायलाच पाहिजे. मुदत जिवंत आहे तोवरच उपयोग.

पूररेषेचंही तेच. निळी रेषा साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून परवानगी मिळाली तर एकाचा प्लॉट कोरडा राहतो आणि त्याच्या वाटणीचं पाणी शेजारच्या गल्लीत शिरतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, लोकांना घरातनं बोटीतनं काढलंय.

'ऐनवेळचा विषय' म्हणजे काय?

सभेच्या विषयपत्रिकेत नसलेला विषय शेवटी घुसडून गोंगाटात मंजूर करायचा. सभेचं इतिवृत्त मागा आणि शेवटची दोन पानं आधी वाचा.

मग मंत्रालयाचा संबंध कुठं येतो? हे तर सगळं शहरातलं झालं.

लई येतो. आयुक्त राज्य सरकार पाठवतं, मोठा निधी नगरविकास खात्यातनं येतो, प्लॅनमधला बदल तिथंच मंजूर होतो. आपले 'कारभारी', म्हणजे महापालिका चालवणारे पुढारी, कितीही मोठे असले तरी त्यांची दोरी वर बांधलेली असते. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, तो खर्च होतो जिल्हा नियोजन कार्यालयातनं, आणि त्याची कामनिहाय यादी कुणालाही मागता येते. मला आजवर भेटलेल्यांपैकी फार थोड्यांनी ती मागितलीय.

आणि बदल्या. कायद्यानं बदली साधारण ३ वर्षांनी, एप्रिल-मे मधे. मधेच कुणाला उचलायचं, कुणाला मोक्याच्या खुर्चीवर बसवायचं, यात पैसा फिरतो असं लोक उघड बोलतात, आणि पैसे भरून खुर्चीवर बसलेला माणूस ते वसूल कुणाकडनं करणार, तुमच्या माझ्याकडनंच. ह्याच २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात एक भारी कलम आहे, १० नंबरचं, की कुठल्याही कर्मचाऱ्यानं फाईल साधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नाही. तुमचं काम अडलं असेल तर अर्जात हे कलम लिहा, फरक पडतो.

सभागृह नसलं, प्रशासक असला की भ्रष्टाचार कमी होतो का?

मला असं वाटत नाही. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मधे संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासकांनी कारभार बघितला. नगरसेवक नसले की मधली एक पायरी कमी होते हे खरं, पण भांडून जाब विचारणाराही जातो. स्थायी समितीत १६ जण असतात, त्यातला एक जरी विरोधक चिवट निघाला तरी विषय पेपरात येतो. बंद खोलीत एका सहीनं मंजूर झालेलं कुणाला दिसत नाही. प्रशासक प्रामाणिक असेल तर चांगलंच आहे, पण माणूस चांगला निघेल या भरवशावर शहर चालवायचं नसतं.

माझ्याकडं सरळ पैसे मागितलेत. काय करू?

देऊ नका आणि भांडूही नका. "बघतो, जमवतो" म्हणून बाहेर या आणि १०६४ ला फोन करा, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा म्हणजे एसीबीचा टोल फ्री नंबर आहे, किंवा सरळ त्यांच्या कोल्हापूरच्या ऑफिसात जा.

माझ्या एका मित्राबरोबर मी गेलो होतो, कुठलं खातं ते सांगत नाही. त्याला वाटलेलं की लगेच धाड टाकायला निघतील. तसं नसतं. आधी तक्रार लिहून घेतात, मग पडताळणी. व्हॉइस रेकॉर्डर देऊन परत त्या माणसाकडं पाठवतात, बरोबर पंच, जे स्वतः दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी असतात. समोरच्यानं तोंडानं मागणी केली पाहिजे, हा सगळ्या केसचा पाया. "साहेब हे घ्या" असं आपणहून पुढं करायचं नाही, त्यानं मागू दे. पडताळणी झाली की सापळा. मित्राच्याच नोटा घेतल्या, एकेक नंबर लिहून घेतला, वर अँथ्रासीन पावडर लावली. साध्या उजेडात काही दिसत नव्हतं, निळ्या दिव्याखाली धरल्यावर नोटा चमकायला लागल्या. नोटा त्याच्या खिशात त्यांनीच ठेवल्या आणि बजावलं की मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, शेकहँड करायचा नाही. पैसे घेतल्यावर मित्रानं डोक्यावरची टोपी काढायची, हा इशारा. त्यानं टोपी काढली तेव्हा त्याचे हात कापत होते, मी रस्त्याच्या पलीकडनं बघत होतो. नंतर त्या दिव्याखाली घेणाऱ्याची बोटं आणि खिसा चमकले.

तुमचे पैसे पुढं एसीबीकडनं परत मिळतात, थोडा वेळ लागतो. आणि अडलेलं काम करून द्यायला ते पाठपुरावा करतात. तक्रार केली की काम कायमचं अडेल ही भीती बऱ्याच लोकांना असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

मी आधीच पैसे देऊन बसलोय, आता मीच अडकणार का?

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं पण गुन्हा आहे. पण जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा एसीबीला कळवलं की तुमच्यावर गुन्हा होत नाही. सात दिवस. घरात चर्चा करण्यात, भावकीला विचारण्यात ते निघून जातात, म्हणून लगेच उठा. आणि सापळ्यासाठी एसीबीला आधी सांगून दिलेले पैसे लाच दिली म्हणून धरत नाहीत.

नगरसेवक, आमदार यांच्यावर हा कायदा चालतो का, की फक्त क्लार्क आणि तलाठ्यावर?

चालतो. निवडून आलेला पण कायद्याच्या भाषेत लोकसेवकच. आपल्याच शहरात २०१५ च्या जानेवारीत तत्कालीन महापौरांवर एसीबीची कारवाई झाली होती, राज्यभर बातमी गाजली. आणि मार्च २०२४ मधे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलं की खासदार आमदारानं सभागृहात मत देण्यासाठी किंवा भाषणासाठी पैसे घेतले तर त्याला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही. महसूल आणि पोलीस ही दोन खाती सापळ्यांच्या यादीत वर्षानुवर्षं वरच असतात हे खरंय, पण त्याचं एक कारण असंही आहे की सापळा समोरासमोर मागणाऱ्यालाच लागतो. मोठा माणूस समोर कधी मागत नाही, त्याचा माणूस मागतो.

पण शेवटी मोठे सुटतातच ना?

बरेच सुटतात, खोटं कशाला बोलू. पण सगळे नाहीत. जळगावचं घरकुल प्रकरण बघा, नगरपालिकेच्या काळातलं. २००६ मधे तिथले तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी स्वतः फिर्याद दिली, आणि ऑगस्ट २०१९ मधे धुळ्याच्या कोर्टानं माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी धरलं. मधे १३ वर्षं गेली, पुढं अपिलं झाली, ते वेगळं. मला त्यात दिसतं ते हे की एका अधिकाऱ्यानं कागद नीट लावून ठेवले म्हणून केस उभी राहिली.

राज्यात निदान दोन मुख्यमंत्र्यांच्या खुर्च्या अशा प्रकरणांत गेल्यात. १९८२ मधे सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या, हायकोर्टाच्या निकालानंतर अंतुले गेले. २०१० मधे आदर्श सोसायटीवरून अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. सिंचनाचं उदाहरण मात्र उलटं आहे. आर्थिक पाहणीच्या आकड्यांवरून असं पुढं आलं की दहा वर्षांत ७० हजार कोटींच्या घरात खर्च होऊन सिंचनात वाढ फक्त ०.१ टक्का, २०१२ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं ती ५.१७ टक्के सांगितली, मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी गैरप्रकारांबद्दल पत्रं लिहिली, अजित पवार यांनी राजीनामा दिला, काही महिन्यांत ते परत उपमुख्यमंत्री झाले, आणि २०१९ मधे एसीबीनं कोर्टात त्यांना क्लीन चिट दिली. कोण दोषी ते कोर्ट ठरवणार, पण पाण्याची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला ०.१ आणि ५.१७ मधलं खरं काय हे आजही कोणी नीट सांगितलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरला की आमदारकी खासदारकी जाते, नुसता दंड झाला तरी ६ वर्षं निवडणूक लढवता येत नाही. २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपिलाची मुदतही मिळत नाही, निकाल लागला की पद गेलं.

आरटीआयमधे नेमकं काय मागायचं? मी मागितलं तर "माहिती उपलब्ध नाही" आलं.

"रस्त्यात भ्रष्टाचार झाला का" असं विचारलं असणार. माहिती अधिकारात प्रश्न विचारायचा नाही, कागदाचं नाव घ्यायचं. मंजूर अंदाजपत्रक, टेंडरचा तुलनात्मक तक्ता, वर्क ऑर्डर, एमबीच्या पानांच्या झेरॉक्स, अंतिम बिल, टेस्ट रिपोर्ट, दोष दायित्व कालावधी (म्हणजे काम खराब झालं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत) किती ते. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. दुसऱ्या अपिलाला लई वेळ लागतो, म्हणून खरा जोर पहिल्या अपिलात लावा, सुनावणीला स्वतः जा.

अर्जापेक्षाही सोपं म्हणजे फाईल बघायला मागणं. राज्य सरकारचं २०१८ चं परिपत्रक आहे, महापालिकेत आणि जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागद बघायला द्यायचे. आणि कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि मालाचा नमुना घ्यायचासुद्धा हक्क दिलाय, हे फार कमी लोकांना माहिती आहे.

"वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नाकारायचं प्रमाण वाढलंय, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम अजून कडक केलं. पण माहिती अधिकारातलं कलम ८(२) शिल्लक आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर द्यावं लागतं. ठेकेदाराचं बिल हे वैयक्तिक नाही, आपल्या पैशाचं आहे.

एक हात जोडून सांगणं. अर्ज करायचा आणि मग 'मिटवायला' जायचं असं करणारे आपल्यातच आहेत. त्यांच्यामुळं खऱ्या अर्जदाराकडंही संशयानं बघतात. असल्या माणसाला अर्ज लिहून देत नाही मी.

दाखला, परवाना अडलाय. एसीबीपर्यंत नाही जायचं, दुसरा मार्ग?

२०१५ चा सेवा हमी कायदा. प्रत्येक सेवेला दिवस ठरलेत, आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूतनं अर्ज करा आणि पोचपावती घ्या. मुदत संपली की अपील, उशीर करणाऱ्याला ५०० ते ५००० दंड. पोचपावती नसेल तर तुमचा अर्ज कायद्याच्या लेखी नाहीच.

लोकायुक्तांकडं गेलं तर?

१९७१ च्या कायद्यानं लोकायुक्त नेमणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. तक्रार करता येते, चौकशी होते, पण शेवटी ते शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत. अडलेल्या कामाला उपयोग होतो. मोठ्या प्रकरणात कोर्ट बरं, आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याच गावात आहे, आपल्यासह सहा जिल्ह्यांसाठी. जनहित याचिकेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबईला जायचं दिवस संपले.

आंदोलनानं काही होतं का खरंच?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारायचा? टोल विसरलात? शहरातले रस्ते बीओटीवर, म्हणजे ठेकेदारानं बांधायचे आणि टोल घेऊन पैसे वसूल करायचे, ३० वर्षांची वसुली. एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर बसायचे, कॉम्रेड पानसरे होते, तालमी आणि मंडळं होती, रिक्षावाले होते, बायका लाटणी घेऊन आलेल्या. २०१५ च्या अखेरीस टोल गेला. पण त्यातनं मी जे शिकलो ते असं की करार झाला तेव्हा तो वाचणारे फार थोडे होते. ठेकेदाराची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतनं द्यावी लागली, म्हणजे आपणच दिली. सही व्हायच्या आधी वाचलं असतं तर एवढं रक्त आटवायला लागलं नसतं.

निवडणुकीत पाकीट घेतलं तर काय बिघडतं? सगळेच घेतात.

मताला पैसे देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम १७० आणि १७३. पण कायदा बाजूला ठेवून हिशोब करा. वॉर्डात काही हजार पाकिटं वाटणाऱ्यानं तो पैसा आणला कुठनं आणि भरून काढणार कुठनं? वर सांगितलेल्या एमबीतनं. तांबडा-पांढरा जेवून आलेल्या घराच्या समोरचीच गटर पुढं पाच वर्षं तुंबलेली असते.

तक्रार केली तर त्रास देतील त्याचं काय?

देऊ शकतात. म्हणून एकट्यानं करू नका, गल्लीतल्या चार-पाच जणांच्या नावानं वेगवेगळे अर्ज टाका, मंडळाच्या लेटरहेडवर टाका. मूळ कागद घरात ठेवू नका, स्कॅन करून दोघातिघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. धमकी आलीच तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या, तोंडी नको. भीती वाटते त्याला मी कधी भित्रा म्हणत नाही, घरात लहान पोरं असतात.

तुम्ही स्वतः कधी काही शोधलंय का?

एकदाच पूर्णपणे. करवीर तालुक्यातल्या एका गावात मावशीच्या दारातला काँक्रीट रस्ता, पहिल्याच पावसाळ्यात खडी वर आली. मावशी म्हणाली, "तू शिकलास एवढा, बघ की रे काय झालं हे." एमबीची पानं मागवली. लांबी १८० मीटर, जाडी १५ सेंटीमीटर. टेप धरून मोजलं तर लांबी १४१. जाडी कशी बघायची याचा विचार करत होतो तेवढ्यात एकानं नळासाठी रस्ता फोडला. खड्ड्यात उतरून पट्टी लावली, साडेआठ सेंटीमीटर. गावातले तीन जण, दोन फोटोत पट्टी आणि मागं घर नंबर दिसेल असं, त्यांच्या सह्या, असा साधा पंचनामा करून बिलाच्या कागदासकट वर पाठवला. चौदा महिने लागले. फेरमोजणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर मावशी पहाटेपासून खुर्ची टाकून बसलेली, टेपचं एक टोक तिनंच धरलं.

जादा दिलेली रक्कम वसूल करायचा आदेश निघाला आणि रस्त्यावर नवा थर पडला, तो अजून टिकलाय. आदेशातली वसुली किती झाली त्यासाठी मागच्या महिन्यात परत अर्ज टाकलाय, तीस दिवस या शनिवारी संपतात.